आठवणींची राखणदार

"तुमच्या वहिनींना सांगा, चहात साखर फार झालीय."

रेवतीने हे नवऱ्याला सांगितलं. सुहासची वहिनी, म्हणजे पद्मजा, तिथेच ओट्याशी उभी होती, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ. तिच्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. सुहासने एकदा बायकोकडे बघितलं, एकदा वहिनीकडे बघितलं, आणि बिचारा खाली मान घालून चहा प्यायला लागला.

"उद्यापासून कमी घालते म्हणावं," पद्मजा म्हणाली. तीही सुहासलाच.

झालं! अबोला परत घरात आला होता, आणि तोही अगदी आपल्या जुन्या पाटावर येऊन बसला होता.

मिरजेच्या मगदूमांच्या घरातला हा अबोला साऱ्या गल्लीला तोंडपाठ होता. दोघी जावा, एक ओटा, एक देवघर, कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा एकच, आणि बारा वर्षं एकमेकींशी एक शब्द नाही. निरोप जायचे ते नवऱ्यांच्या मार्फत, नवरे घरात नसले तर रेवतीच्या लेकीच्या, आर्वीच्या मार्फत, आणि आर्वी शाळेत गेलेली असली तर भिंतीला सांगून. "कुणीतरी गॅस बंद करा," असं रेवती भिंतीला सांगायची आणि पद्मजा बंद करायची. मग एके दिवशी हा अबोला तुटला. कुठे तुटला, काय बोलून तुटला, हे पद्मजाला पक्कं आठवत होतं. रेवतीला नव्हतं. तिच्या डोक्यातून ते सगळे महिने काढून टाकले होते, आणि ते तिच्याच मर्जीने.

अबोल्याचं मूळ नणंदेच्या लग्नात होतं. सासूबाई गेलेल्या, म्हणून घरचं सगळं थोरल्या सुनेकडे. सकाळी रेवतीच्या दोन्ही हातांवर ओली मेंदी होती, म्हणून तिने फोन पद्मजाकडे दिला होता. त्याच फोनवर गडहिंग्लजहून रेवतीच्या भावाचा निरोप आला. आईचं काही खरं नाही, ती तुझंच नाव घेतेय, असशील तशी निघ. पद्मजाने तो ऐकला. मांडवात हळद लागलेली नवरी, दारात वऱ्हाड उतरतंय, आणि घरातली धाकटी सून रडत बाहेर पडली तर काय होईल, एवढंच तिच्या मनात आलं. लग्नघरात असलं काही सांगत नाहीत, अक्षता पडेपर्यंत सगळे असंच करतात. तिनेही तेच केलं. संध्याकाळी अक्षता पडल्यावर तिने रेवतीला बाजूला घेतलं. तोवर आई गेली होती.

रेवती तेव्हा ओरडली नाही की रडली नाही. "बरं," एवढंच म्हणाली. पद्मजाशी बोललेला तिचा तो शेवटचा शब्द.

बारा वर्षांनी रेवतीच्या मानेत गाठी निघाल्या. लिम्फोमा, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. सुहास तसा भला माणूस, पण दवाखान्याचा वास आला की त्यालाच खुर्ची द्यावी लागायची. आर्वी पुण्याला शिकत होती. मग रेवतीबरोबर जाणार कोण? पद्मजाने डबा भरला, चादर घेतली आणि न विचारता रिक्षात जाऊन बसली. केमोच्या पहिल्या दोन सलाइनच्या वेळी दोघी मुक्याच होत्या. तिसऱ्या वेळी रेवती उलट्यांनी पार गळून गेली, आणि भांडं धरून उभ्या असलेल्या पद्मजाला म्हणाली, "माझ्या आईला शेवटचं पाणी कुणी पाजलं ठाऊक आहे? शेजारणीने."

पद्मजाला जे रडू फुटलं ते थांबेचना. चुकलं गं माझं, चुकलं गं, एवढंच ती म्हणत राहिली.

"अक्का, रडणं मागनं करा," रेवती म्हणाली. "मला परत उलटी येतीय, आधी भांडं धरा."

आणि तोंड पुसून झाल्यावर, डोळे मिटूनच, ती पुढे म्हणाली, "सोडलं मी. आता वर जाऊन आई भेटलीच तर तिलाही सांगते, अक्काला सोडलं म्हणून."

पण ती वर गेली नाही. औषधांनी गाठी विरघळल्या, रेवती बरी झाली. सगळ्यांच्या जिवात जीव आला. फक्त रेवतीच्या नाही.

हा त्या काळातला नवाच प्रश्न होता. कॅन्सरमधून उठणारी माणसं पूर्वीपेक्षा कितीतरी वाढली होती, आणि त्यातली पुष्कळशी घरी येऊन जगत नव्हती, नुसती वाट बघत होती. रेवती दिवसभर मान चाचपायची. साधा खोकला आला तरी तिच्या तोंडचं पाणी पळायचं. सलाइनच्या नळीसारखी दिसते म्हणून तिने ओट्याखालची गॅसची नळी कापडाने झाकून टाकली होती. आर्वीला जवळ घ्यायला ती घाबरायची. "तिला माझी सवय नको," म्हणायची. आजार बरा झाला आणि बाई आजारी राहिली.

डॉ. हेरवाडे म्हणून एक बाई दवाखान्यात कॅन्सरबरोबर एका नव्या उपचाराचंही काम बघायच्या. त्यांनी दोघी जावांना समोर बसवून समजावलं. "आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे हो. ती थिजलेल्या तुपासारखी असते. आपण एखादी गोष्ट आठवतो, तेव्हा ते तूप पातळ होतं, आणि आठवून झालं की परत थिजतं. म्हणजे प्रत्येक आठवण मेंदू दर वेळी नव्याने जमवत असतो. त्यासाठी पेशींना काही प्रथिनं तयार करावी लागतात. आमचं औषध नेमकी तीच प्रथिनं काही तास अडवतं. आम्ही औषध देणार, तुम्ही दवाखान्यातले दिवस आठवायचे, बोलायचे. पातळ झालेली आठवण परत थिजत नाही. पुन्हा पुन्हा केलं की जाते."

"आणि मग मला आजार झाला होता, हेच कळणार नाही?" रेवतीने विचारलं.

"कळेल. पेपरात वाचल्यासारखं कळेल. पण ते तुमच्या अंगावर येणार नाही. तुमच्या तपासण्यांचे निकाल आम्ही तुम्हाला न देता घरातल्या एकाला देऊ. त्याला आम्ही राखणदार म्हणतो. आणि त्या दिवसांबद्दल घरात कुणी बोलायचं नाही. कारण गोष्टी ऐकून माणूस आठवणी परत रचतो, आणि भीतीही रचतो."

लोकांनी या उपचाराला केव्हाच आपलं नाव देऊन टाकलं होतं. पाटी पुसणं.

बाहेर बाकावर आल्यावर रेवती म्हणाली, "अक्का, सगळं जाऊ दे. पण ती तिसरी सलाइन मला ठेवायची आहे. तेवढी ठेवा म्हणून मी डॉक्टरांना सांगते."

ठेवता आली असती. पण डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, एक धागा ठेवला तर त्याला धरून बाकीचं सगळं परत येऊ शकतं. पद्मजाने रेवतीकडे बघितलं. बोलताना रेवतीचा हात मानेवरच होता, तिचं तिलाही कळत नव्हतं.

"नको ठेवूस," पद्मजा म्हणाली. "जाऊ दे तीही. माझ्याजवळ आहे ना, दोघींची मी ठेवीन."

"मी परत अबोला धरीन हो."

"धर की! मला काय नवीन आहे?"

दोघी हसल्या. पद्मजाला वाटलं होतं, एवढं सहज जमेल आपल्याला.

नाही जमलं. ज्या बाईचं डोकं मांडीवर घेऊन आपण बसलो, ती समोरून जाताना पदर सावरून घेते, हे सोसणं सोपं नसतं. सुहासने एकदा तोंड उघडायचा प्रयत्न केला, तेव्हा पद्मजानेच त्याला डोळ्यांनी गप्प केलं. कारण रेवती आता झोपत होती. मान चाचपत नव्हती. आर्वी आली की तिला गच्च मिठी मारत होती, गॅसच्या नळीवरचं कापड तिने "हे कुणी गुंडाळलं?" म्हणत काढून टाकलं होतं. पद्मजा देवघरात दिवा लावायची आणि म्हणायची, असू दे बाबा, अबोला असू दे, पण ही अशीच राहू दे.

दोन वर्षं ती तशीच राहिली.

मग आर्वीचं लग्न ठरलं. घरात याद्या, रुखवत, आहेराची देवघेव सुरू झाली. रेवती बारीक झाली. येणारी प्रत्येक बाई म्हणायची, "अगं, काय छान दिसायला लागलीस!" आणि रेवती खूश व्हायची. सकाळी तिचा ब्लाउज पाठीशी घामाने भिजलेला असायचा. "वयाचं आहे," ती भिंतीला सांगायची. पाय सारखे खाजवायची, आणि नव्या साबणाला शिव्या द्यायची.

पद्मजा पोळ्या लाटता लाटता ते बघायची आणि तव्यावरची पोळी करपायची. मागच्या वेळी हे असंच सुरू झालं होतं. हाच घाम, हीच खाज. रेवतीला जर आठवत असतं, तर पहिल्याच आठवड्यात ती उठून दवाखान्यात गेली असती. पण तिच्या लेखी हे सगळं लग्नाच्या धावपळीचं होतं. भीती पुसली, आणि भीतीबरोबर शहाणपणही पुसलं गेलं होतं. दोघींची आठवण आता एकटीकडे होती.

पद्मजाने सुहासला गाठून सगळं सांगितलं. त्याने वार्षिक तपासणीची तारीख अलीकडे आणली. "नेहमीची आहे," असं बायकोला सांगितलं. निकाल त्याच्या फोनवर आला, राखणदार तोच होता ना! तो अंगणात नळापाशी जाऊन बसला आणि नळ सोडून रडला, आवाज घरात जाऊ नये म्हणून.

"परत आलंय, वहिनी. डॉक्टर म्हणतात, लगेच सुरू करा. या वेळी अवघड आहे, पण लगेच केलं तर काही वर्षं तरी..."

"मग?"

"मग काय, लग्नाला महिना राहिलाय. होऊन जाऊ दे लग्न. मग सांगू."

पद्मजाने वाहता नळ बंद केला.

"आर्वीचं एकच लग्न होणार. आई डोक्याला रुमाल बांधून मांडवात बसलेली बघायची का पोरीने? आणि तिला तरी हा महिना आनंदाचा मिळू दे की. तिला काही आठवत नाही, एवढं तरी देवाने... तुम्ही फक्त गप्प राहा, वहिनी. तुमचं तसंही बोलणं नाही तिच्याशी."

तो हे मुद्दाम टोचून बोलला नव्हता. पण पद्मजाला ते लागायचं तिथे लागलं. लग्न होऊन जाऊ दे, मग सांगू. हे शब्द तिने पूर्वी स्वतःच्याच तोंडून ऐकले होते. त्या दिवशी तिच्या हातात फोन होता, आणि आता सुहासच्या हातात आहे. आणि परत ज्या बाईचं सगळं पणाला लागलंय, तिला सोडून सगळ्या घराला ठाऊक आहे.

तिने रात्रभर विचार केला असं नाही. विचार करण्यासारखं काही नव्हतंच. दुसऱ्या दिवशी दुपारी रेवती रुखवताच्या करंज्यांना कातण फिरवत बसली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. पद्मजा पुढ्यात पाट ओढून बसली.

"रेवती."

कातण थांबलं. रेवतीने इकडेतिकडे बघितलं, मध्ये कुणी तिसरं माणूस आहे का म्हणून.

"काय असेल ते ह्यांना सांगा," ती करंजीला म्हणाली.

"त्याला ठाऊक आहे. तुला ठाऊक नाही, म्हणून तुला सांगतेय. तुझा आजार परत आलाय. तपासणीत निघालंय. डॉक्टर म्हणतात औषध लगेच सुरू करायला पाहिजे. घरचे म्हणतात, लग्न झाल्यावर सांगू."

रेवतीने करंजी ताटात ठेवली. मग ती परत उचलली, आणि उगाचच तिची कड दाबत बसली.

"मला फक्त खाज येते," ती म्हणाली.

"मागच्या वेळीही यायची."

रेवतीच्या मुठीत करंजी चेमटली. "आणि तुम्ही हे मला सांगताय? तुम्ही?"

"हो."

"माझ्या आईच्या वेळी कुठे गेलं होतं हे तोंड?"

पद्मजाच्या ओठांवर आलं होतं. अगं, तू मला सोडलंस, आईलासुद्धा सांगणार होतीस. पण असली बातमी द्यायची आणि त्याच हाताने आपली माफी मागून घ्यायची, याची तिला लाज वाटली. तिने ते गिळलं.

"तेव्हा चुकले," ती म्हणाली. "म्हणून आता सांगितलं."

"त्याची माफी नाही मिळायची तुम्हाला."

"नको देऊस. उद्या सकाळी मी तुझ्याबरोबर येते. सुहासला त्या वासाने चक्कर येते."

"आपला अबोला आहे," रेवती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून आता धारा लागल्या होत्या, आणि पिठाच्या हातांनी ती त्या पुसत होती.

"असू दे की. अबोला धरून बसू बाकावर."

सुहासने घर डोक्यावर घेतलं. "तुम्हाला बघवत नव्हतं का घरचं सुख?" असं तो थोरल्या वहिनीला कधी बोलला नव्हता ते बोलला. आर्वी मात्र फोनवर आधी रडली आणि मग म्हणाली, "मम्मी, तू रुमाल बांधून ये मांडवात. मी पण बांधते." तेव्हा तो गप्प झाला.

सकाळी दोघी गेल्या. तोच लांब बोळ, तोच जंतुनाशकाचा वास. पद्मजाला प्रत्येक दार ओळखीचं, आणि रेवती मात्र नवख्यासारखी पाट्या वाचत चाललेली. दोघी बाकावर बसल्या, मध्ये डब्याची पिशवी.

तेवढ्यात वॉर्डातल्या मुमताजमावशी चादरींचा ढीग घेऊन आल्या आणि जागच्या थबकल्या.

"अगं बाई, या दोघी! काय गं, परत?" त्यांनी ढीग बाकावर टाकला आणि रेवतीचा चेहरा हातात घेतला. "घाबरू नको. मागच्या टायमाला उठलीस ना, आता पण उठशील. पत्ते आणलेत का? पाच-तीन-दोनला तिसरा भिडू मी आहे अजून. पण ही तुझी अक्का लबाडी करायची हां, तूच ओरडायचीस तिला, आता नाही चालू द्यायची!"

मावशींना उपचाराचं काय माहीत असणार? त्या बोलल्या, चादरी उचलल्या आणि गेल्या.

रेवती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. मग तिने पिशवी उचलून खाली ठेवली.

"मी तुमच्याबरोबर पत्ते खेळायचे?"

"हो."

"म्हणजे आपण बोलत होतो."

"हो."

"अक्का म्हणायचे मी तुम्हाला?"

पद्मजाने नुसती मान हलवली.

"मग माफ केलं असणार मी तुम्हाला. मी काही उगाच कुणाशी पत्ते खेळायची नाही." रेवती आता तिच्याकडे वळली होती. "केलं होतं?"

"केलं होतंस."

"आणि दोन वर्षं मी तुमच्याशी भिंतीला सांगून बोलतेय. तुमच्या चहाला नावं ठेवतेय. आणि तुम्ही गप्प?"

"डॉक्टरांनी सांगितलं होतं गं. तुला त्रास होईल म्हणून... तू झोपायला लागली होतीस..."

"डॉक्टरांनी सांगितलं, लग्नघर होतं, काही ना काही कारण असतंच." रेवतीचा आवाज फाटला. बोळातली दोन-चार माणसं वळून बघायला लागली, पण तिला त्याचं काही नव्हतं. "आईचं लपवलंत. आणि मग माझंच माझ्यापासून लपवलंत. माझ्या आयुष्यातली तेवढी एक बरी गोष्ट तुम्ही एकट्याच घेऊन बसलात. परत लपवलंत, अक्का!"

पद्मजाला वाटलं, काळजावर कुणी पाय दिला. आपण एवढं सोसलं ते हिच्यासाठी, असंच ती आजवर समजत आली होती. आणि ही म्हणते ते खरं होतं. त्यागाच्या नावाखाली तिने तेच केलं होतं, जे मांडवात केलं होतं. दुसऱ्याला काय सोसेल ते परस्पर ठरवून टाकलं होतं.

"चुकलं," ती म्हणाली. त्या तिसऱ्या सलाइनला म्हणाली होती तसंच. पाठ केलेलं नव्हतं, तोंडून तेवढंच निघत होतं.

आतून डॉ. हेरवाडेंनी दोघींना बोलावलं. सगळं समजावून सांगितलं, या वेळचं औषध, त्याचा त्रास, आणि हाती किती वेळ असू शकेल तेही, रेवतीने विचारलं म्हणून. तो फार नव्हता. शेवटी त्या म्हणाल्या, "आणि नंतर हवं असेल तर तो दुसरा उपचारही परत करता येईल. भीतीसाठी."

"नको," रेवती म्हणाली. "भीती राहू दे. तिच्याबरोबर माझी माणसं जातात."

सलाइन लावायला दुपार झाली. सुई टोचताना रेवतीने डोळे गच्च मिटले. तिचा मोकळा हात गादीवर चाचपत आला, पद्मजाच्या पदराचं टोक सापडताच तिने ते मुठीत धरलं. तिला ते कळलंही नसावं. पद्मजा मुठीकडे बघत राहिली, तशीच उभी, पदर ताणला जाऊ नये म्हणून जरा वाकलेली.

सिस्टर गेल्यावर रेवतीने डोळे उघडले.

"मी अजून तुम्हाला माफ केलेलं नाही हां. ते मागचं मला आठवत नाही, तेव्हा ते धरू नका. आधी सगळं सांगा. मग बघते मी."

"भीती वाटेल ऐकून."

"वाटू दे. माझी आहे ती. सांगा, वेळ कमी आहे."

"कुठून सांगू?"

पद्मजाने पदराच्या त्या टोकाकडे बोट दाखवलं.

"मागच्या वेळीही असाच धरायचीस," ती म्हणाली.

"मग तिथूनच सांगा."